काडतुसाला साजूक तूप

ही हकिगत लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो, की टाळण्याचीच सवय लागून गेली. आमच्या कार्डिफच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. संपादकबाई उन्हाळ्यात फोन करतात आणि म्हणतात, काका, आठवणी द्या. मी दरवेळी ‘वेल्समधला माझा पहिला हिवाळा’ देतो. तोच हिवाळा मी पुन्हा पुन्हा लिहिला आहे आणि दर खेपेला त्यात थोडा बर्फ वाढवला आहे. मागच्या लेखात तर तो खिडकीपर्यंत आला होता. प्रत्यक्षात त्या वर्षी नुसता पाऊस पडला होता.

त्या बर्फाखाली जे झाकलं होतं ते आता लिहितो. मी माझ्या शेजाऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसांना साजूक तूप लावलं, त्याला ते सांगितलं नाही, आणि त्यापायी एका चांगल्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला.

मी भूलतज्ज्ञ होतो. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत गेली. शेजारी दातांचा डॉक्टर, अस्सल वेल्श. आमची घरं एका भिंतीला चिकटलेली. त्यांचा टीव्ही आम्हाला ऐकू यायचा आणि आमचा कुकर त्यांना. शिट्ट्या ऐकून तो ओळखायचा, आज डाळ आहे की बटाटे. मला तो ‘डॉक’ म्हणायचा. दोघेही थोड्याच अंतराने रिटायर झालो आणि दोघांच्याही बायकांना आम्ही दिवसभर घरात असणं जड जाऊ लागलं. म्हणून आम्ही त्याच्या गराजमध्ये बसू लागलो.

गराजमध्ये त्याच्या आजोबांची एक बंदूक होती. अमेरिकेत बनलेली, शंभराहून कितीतरी अधिक वर्षं जुनी, लांब नळीची. दिसायला देखणी, पण उपाशी. कारण तिला लागणारी काडतुसं आता जगात कोणी बनवत नाही. ही रिमफायर जातीची काडतुसं. म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, तर बुडाच्या कडेला, करंजीच्या काठात सारण गेल्यासारखा, गोल भरलेला असतो. बंदुकीचा घोडा त्या काठावर आपटतो. एकदा बार उडाला की काठ चेपतो आणि काडतूस वाया जातं. ते परत भरता येत नाही. अशी बंदूक ज्याच्याकडे असेल त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. ती भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवायची, किंवा तिच्यापायी वेडं व्हायचं. शेजाऱ्याने दुसरा मार्ग धरला.

हे वेड कायदेशीर होतं, हेही सांगतो. त्याच्याकडे पोलिसांचं सर्टिफिकेट होतं. एक पोलीस अधिकारी येऊन लोखंडी कपाट हलवून बघायचा, मग चहा घेऊन, बिस्किटं संपवून जायचा. डोंगरातल्या एका जुन्या खाणीत त्यांच्या क्लबची रेंज होती. तिथे असेच आणखी काही म्हातारे आपापल्या उपाशी बंदुका घेऊन जमायचे.

शेजारी पितळेची नवी काडतुसं लेथवर करवून आणायचा. त्यांच्या बुडाला, मध्ये नव्हे तर एका कडेला, ठिणगीपुरतं एक चिमुकलं काडतूस बसायचं. जन्मभर लोकांच्या दाढांत चांदी भरत आलेल्या माणसाला हे काम म्हणजे पर्वणी होती. डोळ्याला भिंग लावून, दातांचीच हत्यारं घेऊन तो काडतुसावर वाकायचा आणि सवयीने पुटपुटायचा, “जरा मोठं उघडा.” अडचण एकच होती. ती चिमुकली बाजू बरोबर घोड्याखाली यायला हवी. म्हणून त्याने बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येक काडतुसावर एक लाल ठिपका दिला होता. बंदुकीत घालताना ठिपका वर. ठिपका जरा सरकला की घोडा कोऱ्या पितळेवर आपटायचा आणि नुसतं ‘टक्’ व्हायचं. सुरुवातीचे कित्येक महिने आम्ही त्या ‘टक्’शिवाय काही ऐकलं नाही. दर ‘टक्’नंतर तो काडतूस बाहेर काढायचा, त्याच्याकडे रागाने बघायचा आणि म्हणायचा, “चूळ भरा.”

कामाची वाटणी ठरलेली होती. माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं, त्यामुळे दारूला आणि ठिणगीच्या काडतुसांना मी हात लावायचा नाही. ते सगळं त्याचं. माझ्याकडे फक्त ग्रीस. जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूची काजळी फार धरते. चार बार झाले की नळी आतून जुन्या चुलीच्या धुराड्यासारखी होते आणि गोळी वाटेल तिकडे जाते. गोळीला वंगण असलं की काजळी मऊ राहते. त्याच्या आजोबांच्या पद्धतीप्रमाणे हे वंगण मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी यांचं असायला हवं होतं. साधी चरबीही चालणार नव्हती. वरच्या दरीत एक खाटीक होता, त्याच्याकडच्या डोंगरी मेंढीचीच हवी होती. शेजारी तिच्याबद्दल असं बोलायचा, जसे आपले लोक रत्नागिरीच्या हापूसबद्दल बोलतात.

चरबी वितळवायची कुठे हा प्रश्न आला. त्याच्या बायकोने तिच्या स्वयंपाकघरात साफ मनाई केली. एकदा तिचे पडदे धुवायला टाकावे लागले होते. मी मोठ्या दिलाने म्हणालो, आमच्याकडे वितळवू, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं हे माझी बायको घरी आल्यावर कळलं. ती पक्की शाकाहारी, माहेरी सांगलीला शाळेत इतिहास शिकवायची. दारातच तिने श्वास घेतला आणि पिशवी खाली ठेवली.

“हे काय शिजतंय?”

मी म्हणालो, काही नाही, काडतुसांचं आहे.

“पातेलं कुठलं घेतलंत?”

मी पातेल्याकडे बघितलं. ते पुरणाचं होतं. गणपती तोंडावर आला होता. ती काही ओरडली नाही. ती ओरडत नाही, शिकवते. म्हणाली, “काडतुसाला चरबी. अहो, सत्तावन्न साली हेच झालं ना? वर्गात हा धडा शिकवून शिकवून माझा घसा बसला. एवढं सगळं होऊनही इंग्रज सुधारले नाहीत?”

“अगं, तो वेल्श आहे.”

“मग तुम्ही तरी सुधारा.”

पातेलं कचऱ्यात गेलं. राहिलेली चरबी पिशवीत बांधून बागेतल्या शेडमध्ये गेली. खिडक्या उघडल्या, उदबत्ती लागली आणि मला आंघोळीला पाठवण्यात आलं. मी अंग पुसत खाली आलो तेव्हा नव्या पातेल्यात सुपरमार्केटचं बिनमिठाचं लोणी कढत होतं. मोदकांसाठी तूप. इथल्या प्रत्येक मराठी घरात ते असंच होतं. फेस खाली बसला होता, कडेला बेरी लागत होती आणि घरभर वास सुटला होता.

शनिवारी क्लबची वार्षिक स्पर्धा होती. शेजारी माझ्या ग्रीसची वाट बघत होता. दोनदा फोनवर विचारून झालं होतं, वितळली का? आता मी त्याला काय सांगायचं? की एका देवासाठी तुझी मेंढी बाहेर काढली? सांगायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा मी पातेल्याकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं, तूप म्हणजे तरी काय, चरबीच ती, फक्त संस्कार झालेली. बायको मोदकाचे साचे शोधायला वरच्या माळ्यावर गेली तेव्हा मी तुपाची एक मोठी वाटी काढून घेतली.

तूप आणि मेण एकत्र होऊन घट्ट झालं ते छान पिवळं झालं. मेंढीची चरबी पांढरी असते. शेजाऱ्याने डबी उघडली, उजेडात धरली आणि म्हणाला, “अरे, किती पिवळी आली.”

मी एकच शब्द बोललो. मी म्हणालो, “गवत.”

त्याने मान डोलावली. डोंगरावरच्या गवताबद्दल त्याला बरंच काही माहीत होतं, ते त्याने मला सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं.

शेडमधल्या खऱ्या चरबीचं काय करायचं हाही प्रश्न होताच. इथे लोक हिवाळ्यात पक्ष्यांसाठी चरबीचे गोळे करून झाडाला टांगतात. मीही तेच केलं. दाणे मिसळले, गोळे वळले, सफरचंदाच्या झाडाला बांधले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बागेत पक्ष्यांची अशी झुंबड उडाली की साळुंक्यांच्या जातीचे ते काळे ठिपक्यांचे पक्षी गणपतीच्या रांगेसारखे कुंपणावर ओळीने बसू लागले. शेजारी कुंपणावरून कौतुकाने बघायचा. म्हणायचा, डॉक, तुझ्याकडेच कसे एवढे येतात? मी म्हणायचो, नशीब. त्याचीच मेंढी त्याच्या डोळ्यांदेखत पक्षी खात होते आणि तो मला शाबासकी देत होता.

शनिवारी रेंजवर नेहमीसारखा बारीक पाऊस होता. शेजाऱ्याने लाल ठिपका वर ठेवून पहिला बार काढला. पांढऱ्या धुराचा मोठा लोट मागे आमच्या तोंडावर आला आणि मी चमकलो. तो वास मला चांगला ओळखीचा होता. आमच्या पुण्याच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा भटजींनी तुपाची धार सोडली की असाच लोट यायचा. दुसऱ्या बाराला माझे हात आपोआप जोडले गेले. क्लबचा सेक्रेटरी बाजूला उभा होता. उंच, शांत गृहस्थ, सदैव एक जाडजूड लॅब्रेडॉर कुत्रा बरोबर. त्याने माझ्या जोडलेल्या हातांकडे बघून आदराने टोपी काढली. आणखी कोणी तरी म्हणालं, कुणाच्या घरी बिस्किटं भाजतायत का? शेजारी नेमावरची नजर न काढता म्हणाला, “डोंगरी गवत आहे ते. मेंढी चांगलं खाते.”

आणि गोळ्या एकामागून एक अशा बसल्या की सगळ्या एका बशीखाली झाकता आल्या असत्या. त्या बंदुकीने आजोबांच्या काळातही असं काही केलं नसेल. जुन्या बंदुकांचा कप त्याला मिळाला. त्यात उकडलेलं अंडं उभं राहील एवढाच तो होता, पण घरी येताना गाडीत त्याने तो मांडीवर धरला होता आणि गाडी त्याची बायको चालवत होती.

तो खूश होता आणि मीही होतो. त्या आनंदात सांगून टाकलं असतं तर आम्ही दोघे पोट धरून हसलो असतो. पण तो मोठ्या मनाचा माणूस होता आणि तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या कोणी गुपित जपून ठेवलं असतं. याने क्लबच्या वार्तापत्रात लेख लिहिला. विषय: डोंगरावरच्या गवताचा गोळीच्या नेमावर होणारा परिणाम. त्यात त्या खाटकाचं कौतुक होतं, मेंढ्यांच्या चराईचं वर्णन होतं, आणि शेवटी माझे आभार होते. चरबी हलक्या आचेवर वितळवण्याची माझी खास हातोटी आहे, असं त्याने लिहिलं होतं. क्लबची मंडळी गाड्या काढून वरच्या दरीत गेली. खाटकाने दुकानात पाटी लावली की बंदूकवाल्यांसाठी उत्तम चरबी मिळेल. त्याला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो माणूस रुबाबात चालू लागला.

हिवाळ्यात शेजाऱ्याने आणखी दोनदा चरबी आणून दिली. दोन्ही वेळा मी तूप परत केलं. पक्षी इतके गलेलठ्ठ झाले की फांदीवर बसताना फांदी वाकायची. बायकोच्या लक्षात आलं ते तुपाच्या बरणीवरून. वरणावर घालायला तिने झाकण काढलं तर तळ दिसला. मी सगळं सांगितलं. आधी ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, खुर्चीत बसून हसली. मग पदराने डोळे पुसले.

“आजच जाऊन सांगा,” ती म्हणाली. “उशीर कराल तसं सॉरी मोठं होत जातं. मग ते तोंडातून बाहेर पडत नाही.”

मी म्हणालो, उद्या सांगतो.

इकडे क्लबात कुजबुज सुरू झाली होती. तीच मेंढी, तेच मेण, तीच आच, पण बाकी कोणाच्या गोळ्या बशीत काय, परातीतसुद्धा मावत नव्हत्या. इथले लोक उघड भांडत नाहीत. ते म्हणतात, “फारच इंटरेस्टिंग आहे.” कोणी तुम्हाला सलग दोनदा इंटरेस्टिंग म्हणालं तर समजावं, त्यांचा तुमच्यावर विश्वास नाही. कोणी म्हणालं, लेखात काही तरी लपवलंय. शेवटी सेक्रेटरीने वसंतात एक प्रात्यक्षिक ठरवलं. सगळ्यांसमोर चरबी वितळवायची, सगळ्यांसमोर गोळ्यांना लावायची, सगळ्यांसमोर बार काढायचे. शेजारी आनंदाने हो म्हणाला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतंच. मला म्हणाला, “आच तू धर, डॉक. तुझ्या हाताला गुण आहे.”

माझी झोप उडाली. जन्मभर लोकांना झोपवलं, आता स्वतःला झोपवता येईना. बायको सकाळी विचारायची, सांगितलंत? मी पेपर वर धरायचो. शेवटी मी सांगण्याऐवजी एक बेत आखला. आता तो लिहितानाही कान गरम होतात. खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी डबी घ्यायची, त्यात तूप भरायचं, कोटाच्या खिशात ठेवायची, आणि ढवळताना सगळ्यांचं लक्ष चुकवून पातेल्यात ओतायचं. निदान अर्धं तरी तूप पडेल, असा हिशेब.

त्या दिवशी रेंजवरच्या शेडमध्ये छोटी गॅसची शेगडी मांडली होती. चहूबाजूंनी मंडळी उभी होती. मी ढवळायला घेतलं. कोट अंगात, डबी खिशात, आणि शेगडीची ऊब. घट्ट तूप पातळ व्हायला कितीसा वेळ लागतो? मांडीला काहीतरी ओलं लागलं. त्याच क्षणी सेक्रेटरीच्या लॅब्रेडॉरने मान वर केली.

तो उठून आला आणि माझ्या खिशाला नाक लावून बसला. मी पाय सरकवला. तोही सरकला. मग त्याने जीभ काढली आणि माझी पँट मनापासून चाटायला सुरुवात केली. सेक्रेटरी दिलगीर होऊन म्हणाला की तो असं कधी करत नाही, आपण त्याला फारच आवडलेले दिसता. मी हसलो. एका हाताने ढवळत होतो, दुसऱ्याने खिसा दाबून धरला होता. कुत्र्याने बोटांच्या फटीतून जीभ घातली. सगळे माझ्याकडेच बघत होते. डबी काढणं अशक्य होतं. आणि काढली असती तरी आत काही उरलं नव्हतं. पातेल्यात अगदी शुद्ध डोंगरी मेंढी वितळत होती, पांढरी स्वच्छ.

शेजाऱ्याने पातेल्यात एकदा बघितलं. “आज पिवळी नाही,” तो हळूच म्हणाला. मी ढवळत राहिलो. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घशात अडकतात ते.

पहिले एक-दोन बार बरे गेले. मग नळीत काजळी धरली आणि गोळ्या पांगल्या. एक वर, एक डावीकडे, एक तर खाणीच्या भिंतीला लागली. होमाचा वास नव्हता, नुसता धूर होता. शेजारी दर बाराला जास्त जपून नेम धरत होता, ठिपका पुन्हा पुन्हा बघत होता, आणि जितका जपत होता तितकी गोळी लांब जात होती. शेवटचा बार झाला. मग एकजण म्हणाला, वारा असेल. वारा नव्हता. सेक्रेटरीने आपल्या कुत्र्याचा पट्टा उगाच घट्ट केला. कुत्रा समाधानाने ओठ चाटत होता. त्या सगळ्यात एकटाच तो तृप्त होता.

शेजाऱ्याने बंदूक खाली ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात पालथे करून बघितले. तेव्हा मला कळलं की तो काय समजला आहे.

आठवडाभराने तो आमच्या स्वयंपाकघरात आला. बायको बाहेर गेली होती. हात टेबलावर ठेवून म्हणाला, “जरा बघ हे. डॉक्टर म्हणून बघ, मित्र म्हणून नको.”

मी बघितले. बोटं ताठ करायला लावली, वर कागद ठेवून तो थरथरतो का बघितलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, मुठी आवळायला लावल्या. त्या हातांत काही दोष नव्हता. त्या वयाला इतके स्थिर हात मी फार थोडे पाहिले आहेत. भूल देणाऱ्याला हात कळतात.

“खरं सांग,” तो म्हणाला. “गेले ना?”

किटली उकळत होती. तिच्यामागे ओट्यावर तुपाची बरणी होती, त्याच्यापासून हातभर लांब. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण मी विचार केला, आता सांगितलं तर सगळ्यांसमोर त्याची जी फजिती झाली ती मीच केली असं होईल. ते तसंच होतं, म्हणून तर भीती. मी म्हणालो, “वयाच्या मानाने चांगले आहेत.”

वयाच्या मानाने. डॉक्टरने हे शब्द काढले की पेशंट काय समजतो, हे मला पुरतं माहीत होतं. त्याने मान हलवली, हात खिशात घातले, आणि चहा न घेता गेला.

बंदूक भिंतीवर टांगली गेली. पहिला मार्ग. पाहुणे आले की ते बघायचे आणि म्हणायचे, वा. तो क्लबात जाईनासा झाला. चहाचा मग दोन्ही हातांनी धरू लागला, तोही अर्धाच भरलेला. रविवारचा भाजलेला कोंबडा कापायचं काम आयुष्यभर त्याचं होतं, ते आता त्याची बायको करू लागली. आमच्या बायकोने हे सगळं कुंपणावरून पाहिलं. ती वरणावर तूप वाढताना चमचा जरा आपटून ठेवायची.

मी प्रयत्नच केला नाही असं नाही. एकदा दुकानात सॉरीचं कार्ड घ्यायला गेलो. वाढदिवस विसरल्याबद्दल सॉरी होतं, तू सोडून चाललास म्हणून सॉरी होतं, मांजर गेल्याबद्दल सॉरी होतं. आपलं काही सापडेना. एकदा कुंपणापाशी जाऊन सुरुवातही केली, “ते चरबीचं जरा बोलायचं होतं.” त्याने हात वर करून मला थांबवलं. म्हणाला, चरबीचा काही दोष नाही, डॉक, दोष कारागिराचा आहे. आणि गवत कापायचं मशीन सुरू केलं.

मग ते दोघे घर विकून बेसिंगस्टोकला मुलीजवळ राहायला गेले. ती तिथे एका आयटी कंपनीत आहे. नव्या शेजाऱ्यांना आमच्या कुकरच्या शिट्ट्यांशी काही देणंघेणं नव्हतं. बायको म्हणाली, आता तरी जा. तिने स्वतः ताजं तूप कढवलं आणि स्टीलच्या डब्यात भरून दिलं. म्हणाली, तोंडाने सांगता येत नसेल तर हे पुढे ठेवा, वास घेऊ द्या, तो शहाणा आहे, त्याचं त्याला कळेल. कार्डिफपासून रेडिंगपर्यंत आणि तिथून पुढच्या ट्रेनमध्ये मी डबा मांडीवर धरून वाक्यं पाठ केली. समोरच्या बाईने जागा बदलली.

तो काचेच्या खोलीत उन्हात बसला होता. थकला होता, पण मला बघून उठला. मुलीला म्हणाला, हा तो डॉक. सगळा क्लब माझ्याकडे पाठ फिरवून उभा होता तेव्हा हा एकटा माझ्या बाजूने उभा राहिला. मुलीने माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हटलं, आणि डब्याचं झाकण काढून डबा त्याच्यापुढे ठेवला.

त्याने वास घेतला आणि डोळे मिटले. मी वाट बघत होतो, आता कळेल, आता कळेल. त्याने डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

“आपली मेंढी,” तो म्हणाला. “तू जपून ठेवलीस?”

सगळी पाठ केलेली वाक्यं ट्रेनमध्येच राहिली. मी म्हणालो, “हो.”

त्याने डबा खिडकीपाशी ठेवायला सांगितला. मुलगी विचारत होती की हे फ्रिजमध्ये ठेवायचं का. तो म्हणाला, खबरदार. निघताना त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला तेव्हा तो जराही थरथरत नव्हता.

त्या हिवाळ्यात तो गेला. मुलीने डबा धुऊन परत पाठवला. फोनवर म्हणाली की बाबा शेवटपर्यंत तो कोणाला हलवू देत नव्हते, रोज एकदा झाकण काढून वास घ्यायचे आणि बरं वाटतं म्हणायचे. आणि बघा, म्हणाली, त्या खाटकाने पुष्पचक्र पाठवलं होतं.

आता दर गणपतीला आमच्या घरी त्याच डब्यात तूप भरतात. लोणी कढायला लागलं आणि फेस खाली बसायला आला की मी बागेत जातो. सफरचंदाचं झाड आहे, कुंपण आहे, पक्षी आहेत. ट्रेनमध्ये पाठ केलेलं मी अजून विसरलो नाही. त्यांच्यापुढे ते मी हळू आवाजात म्हणून टाकतो:

ऐक. ती मेंढी नव्हती. ते तूप होतं, माझ्या बायकोने मोदकांसाठी कढवलेलं. मेंढी पक्ष्यांनी खाल्ली. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि क्लबात सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, आणि निदान माझ्या टेबलावर तू हात ठेवलेस तेव्हा तरी. मला माफ कर. तुझ्या हातांना काहीही झालं नव्हतं.